जुना राउटर घेताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

सदराकडे आलेल्या पत्रांत या वेळी वापरलेल्या राउटरविषयीची, म्हणजे लाकडात खोबणी काढणाऱ्या आणि कडा घडवणाऱ्या विजेच्या यंत्राविषयीची, पत्रे सर्वाधिक आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या बऱ्याच प्रश्नांची मुळे त्यातच आहेत.

प्रश्न : मी हौसेखातर लाकूडकाम करतो. एका गृहस्थांनी आपला जुना, अर्ध्या इंची कॉलेटचा (कॉलेट म्हणजे बिट पकडणारी चिरा पाडलेली नळी) प्लंज राउटर (मोटार दोन खांबांवरून खाली दाबता येणारा) विकायला काढला आहे. यंत्र चालू स्थितीत असल्याचे ते सांगतात आणि चालवून दाखवायलाही तयार आहेत. पाहायला गेल्यावर नेमके काय तपासावे? मोटारीतले मला फारसे कळत नाही.

उत्तर : मोटारीतले कळत नसले तरी काही बिघडत नाही, कारण जुन्या राउटरमध्ये पैसे बुडतात ते बहुधा बिट, म्हणजे कापणारे पाते, धरणाऱ्या टोकाकडे. मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बनचे ब्रश झिजले तर नवे घालता येतात, वायर आणि स्विच बदलता येतात. पण स्पिंडलमध्ये, म्हणजे बिट फिरवणाऱ्या दांड्यात, कॉलेट बसण्याची जी निमुळती जागा असते तीच खराब झाली असेल, तर बहुतेक यंत्रांत पूर्ण आर्मेचर, म्हणजे मोटारीचा फिरणारा भाग, बदलावे लागते, कारण स्पिंडल आणि आर्मेचरचा दांडा हा एकच भाग असतो. त्यामुळे विक्रेत्याला यंत्र सुरू करून दाखवण्याची कितीही घाई असली, तरी आधी प्लग काढायला सांगावे, कॉलेट आवळणारा नट पूर्ण सोडवावा आणि कॉलेट हातात घेऊन उजेडात पाहावे.

चांगल्या कॉलेटचा आतला पृष्ठभाग सर्वत्र सारखा, किंचित मंद चमकेचा असतो. तोंडाकडचा भाग आतल्या भागापेक्षा रुंद झालेला दिसला, आत गोल ओरखडे असले किंवा चिरांमध्ये भुसा आणि चीक यांचा तपकिरी थर घट्ट बसलेला असला, तर त्या कॉलेटमध्ये बिट वारंवार घसरले आहे असे समजावे. याचा पुरावा विक्रेत्याच्या जुन्या बिटांवरही सापडतो. शँकवर, म्हणजे कॉलेटमध्ये जाणाऱ्या दांड्यावर, काळपट कडी उमटलेली असतात, आणि बिट काम करता करता हळूहळू बाहेर सरकले असेल तर नागमोडी रेघही दिसते. केवळ कॉलेट झिजले असेल तर ते बदलता येते. मात्र त्या मॉडेलचे कॉलेट आज मिळते का, हे सौद्याआधी पाहिले पाहिजे. काही फार जुन्या यंत्रांत स्पिंडलच्या टोकालाच चिरा पाडून त्याचे कॉलेट केलेले असते. असे टोक झिजले असेल तर ते यंत्र घेऊ नये, मग ते कितीही स्वस्त मिळो.

यानंतर स्पिंडलच्या आतली निमुळती जागा कोरड्या फडक्याने पुसून टॉर्चच्या उजेडात पाहावी. हलका गंज पुसला जातो. बोटाला लागेल असा कंगोरा किंवा खड्डा मात्र पुसला जात नाही आणि तो कॉलेटला सरळ बसू देत नाही. नटाचे आटेही त्याच वेळी पाहून घ्यावेत.

आता फिरताना टोक किती डगमगते, म्हणजे रनआउट किती आहे, ते पाहायचे. त्यासाठी शक्यतो बिट वापरू नये. बिट स्वतःच वाकडे असू शकते. कॉलेटच्या मापाची गुळगुळीत, सरळ पोलादी सळई सोबत न्यावी, ती कॉलेटमध्ये घट्ट करावी आणि नटाच्या अगदी जवळ डायल गेज (सूक्ष्म हालचाल काट्याने दाखवणारे मापयंत्र) टेकवून स्पिंडल हाताने सावकाश फिरवावा. काटा ०.०५ मिलिमीटरच्या आत राहिला तर यंत्र चांगले आहे; ०.१ च्या पुढे गेला तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. डायल गेज नसेल तर कठीण लाकडाचा ठोकळा सळईच्या शेजारी क्लॅम्पने पक्का करावा आणि दोहोंच्या मध्ये साधा कागद जेमतेम सरकेल एवढीच फट ठेवावी. साध्या कागदाची जाडी ०.१ मिलिमीटरच्या आसपास असते. स्पिंडल फिरवताना कागद एका जागी अडकत असेल आणि समोरच्या बाजूला सैल पडत असेल, तर रनआउट दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

दोष कोठे आहे हेही जागच्या जागी शोधता येते. सर्वांत जास्त बाहेर येणाऱ्या जागेची खूण स्पिंडलवर, कॉलेटवर आणि सळईवर पेनाने करावी. नट सैल करून केवळ सळई अर्धा फेरा फिरवावी आणि पुन्हा मोजावे. मग कॉलेट अर्धा फेरा फिरवून मोजावे. खूण सळईबरोबर सरकली तर सळई वाकडी, कॉलेटबरोबर सरकली तर कॉलेट खराब, आणि काहीही फिरवले तरी ती स्पिंडलवर जागच्या जागी राहिली तर दोष स्पिंडलचा आहे. या तिसऱ्या परिस्थितीत विक्रेत्याचे आभार मानून परत यावे.

बेअरिंगची परीक्षा हाताने होते. राउटरमध्ये मुख्य बेअरिंग दोन असतात. त्यांतले कॉलेटकडचे मोठे असते, आणि बिटाचा सगळा आडवा जोर तेच सोसते. स्पिंडल धरून आडवा हलवून पाहावा; टकटक जाणवली तर हे बेअरिंग गेले आहे. सावकाश फिरवताना ब्रशांचा हलका, एकसारखा अडथळा जाणवणारच; वाळू भरल्यासारखी खरखर जाणवता कामा नये. बेअरिंग झिजले म्हणून यंत्र नाकारायचे कारण नाही. ती प्रमाणित मापाची असतात, कडेवर क्रमांक असतो, आणि रबरी सीलची, तेवढ्या वेगाला चालणारी बेअरिंग बाजारात मिळतात. पण जुने बेअरिंग आपल्या बैठकीतच फिरू लागून त्याने ती ॲल्युमिनियमची बैठक मोठी केली असेल, तर नवे बेअरिंगही तेथे ठरणार नाही.

प्लंजची रचना तपासताना दोन्ही खांबांकडे पाहावे. उभ्या सरळ रेघा, म्हणजे नेहमीच्या वापराच्या खुणा, चालतात. गंजाचे खड्डे चालत नाहीत. दोन्ही मुठी धरून यंत्र खाली दाबावे आणि सोडावे. ते न अडखळता खाली गेले पाहिजे आणि स्प्रिंगच्या जोराने सहज वर आले पाहिजे. एकाच मुठीवर जोर दिला तर थोडे अडकणे बहुतेक यंत्रांत होते, त्यावरून दोष काढू नये. मधल्या खोलीवर खटका लावून मग जोराने दाबावे. जराही खाली सरकले, तर खोबण काढताना खोली बदलत राहील. याच स्थितीत मोटार आडवी हलवून पाहिली की खांबांची बुशिंग (खांब ज्यांतून सरकतात त्या नळ्या) किती सैल झाली आहेत ते कळते. मोटार हलली तर बिट लाकडात जाताना वळते आणि भोकाचे तोंड लांबट होते. शेवटी कॉलेटमधल्या सळईला लहान गुण्या लावून ती बेसशी काटकोनात आहे का ते पाहावे, आणि बेसवर सरळपट्टी ठेवून तो सपाट आहे का, हेही. यंत्र कधी उंचावरून पडले असेल तर ते येथे उघड होते.

एवढे झाल्यावर मग प्लग लावावा. वेगाची चकती सर्वांत कमी आकड्यावर ठेवून सुरू करावे आणि एकेक आकडा वाढवत जावे. प्रत्येक आकड्यावर वेग सारखाच राहिला तर वेग नियंत्रित करणारी इलेक्ट्रॉनिक पट्टी गेली आहे, आणि ती पुष्कळदा महाग असते. यंत्र पाच-दहा मिनिटे चालू द्यावे. कॉलेटकडचा भाग कोमट होणे ठीक. हात ठेववत नसेल तर ठीक नाही. बंद केल्यावर आवाज सलग उतरत गेला पाहिजे. शेवटच्या फेऱ्यांत खडखड आली, किंवा ब्रेक नसलेले यंत्र दोन क्षणांतच थांबले, तर बेअरिंगकडे पुन्हा वळावे. अखेरीस स्वतःचे नवे १२ मिलिमीटरचे सरळ बिट कठीण लाकडात सहा मिलिमीटर खोल चालवून पाहावे. अर्ध्या इंची यंत्राला हे काम हसतखेळत जमते. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, तेव्हा येथे १२ मिलिमीटर हे माप कापण्याच्या व्यासाचे आहे, शँकचे नव्हे, हे ध्यानात असू द्यावे. १२ मिलिमीटरचा शँक १२.७ च्या कॉलेटमध्ये आवळला गेल्यासारखा वाटतो आणि भर कामात सुटतो. ६ आणि ६.३५ मिलिमीटरच्या (पाव इंचाच्या) बाबतीत हा घोटाळा अधिक होतो, कारण तेथे फरक डोळ्याला दिसतच नाही.

प्रश्न : पाहिलेल्या ट्रिमरच्या (लहान राउटरच्या) झरोक्यातून ठिणग्या दिसत होत्या. विक्रेता म्हणाला की सगळ्याच राउटरमध्ये दिसतात. हे खरे आहे का?

उत्तर : अर्धे खरे आहे. ब्रश असलेल्या मोटारीत कार्बनचा ब्रश फिरत्या कम्युटेटरला, म्हणजे आर्मेचरवरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्याला, घासत असतो आणि एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर जाताना लहान निळसर ठिणगी पडते. ब्रशच्या कडेपुरती, बारीक आणि स्थिर अशी ती ठिणगी असेल तर काळजीचे कारण नाही. ब्रश नवेच घातले असतील, तर ते कम्युटेटरच्या गोलाईला बसेपर्यंत ठिणग्या थोड्या जास्तच दिसतात. पिवळट-नारिंगी ठिणग्या लांब होऊन कम्युटेटरभोवती कडे करत असतील, मात्र, आणि सोबत वॉर्निश जळल्याचा वास येत असेल, तर विक्रेत्याचे म्हणणे मानू नये.

नक्की काय ते पाहण्यासाठी प्लग काढून ब्रश बाहेर काढावेत. बहुतेक राउटरना बाजूला त्यासाठी पेचकसाने उघडणारी टोपणे असतात. ब्रशचा कार्बन सुमारे सहा मिलिमीटरच्या खाली आला असेल, तर ठिणग्यांचे कारण तेवढेच असू शकते आणि ती दुरुस्ती अत्यंत स्वस्त आहे. काही कंपन्या ब्रशवर झिजेच्या मर्यादेची रेघच काढून ठेवतात. ब्रशच्या भोकातून टॉर्च मारून आर्मेचर फिरवावे. सर्व पट्ट्यांवर सारखा, कॉफीच्या रंगाचा थर असला तर उत्तम. एखाददुसरीच पट्टी जळून काळी पडली असेल, तर त्या पट्टीशी जोडलेले वाइंडिंग (तारेचे वेटोळे) तुटले किंवा शॉर्ट झाले असण्याची दाट शक्यता आहे. नवे ब्रश घालून तो दोष जात नाही, चार दिवस लपतो. विक्रीसाठी काढलेल्या यंत्रात ब्रश अगदी कोरे दिसले तर म्हणूनच कम्युटेटर अधिक बारकाईने पाहावा.

प्रश्न : एका राउटरवर सव्वातीन अश्वशक्ती असे लिहिले आहे, दुसऱ्यावर १८०० वॉट. टेबलमध्ये खालून उलटा बसवून मोठी बिटे चालवायची आहेत. कोणता घ्यावा?

उत्तर : हे दोन्ही आकडे एकाच ताकदीच्या यंत्रांचे असू शकतात. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. त्या हिशेबाने सव्वातीन अश्वशक्तीला २४२४ वॉट लागतील. अमेरिकेतील बाजारासाठी बनवलेले असे राउटर १२० व्होल्टवर १५ अँपिअर घेतात, म्हणजे जास्तीत जास्त १८०० वॉट, आणि मोटारीतील उष्णतेत जाणारा वाटा त्यातूनच वजा व्हायचा असतो. पोर्टर-केबलचा ७५१८ हा टेबलासाठी नावाजलेला राउटर सव्वातीन अश्वशक्तीचा म्हणूनच विकला गेला, आणि त्याच्या पाटीवरही १५ अँपिअरच आहेत. यंत्र उत्तम आहे. अश्वशक्तीचा आकडा तेवढा जाहिरातीचा आहे. तेव्हा तुलना करायची ती पाटीवरच्या वॉटची किंवा अँपिअरची.

मोठ्या बिटांसाठी ताकदीपेक्षाही वेग कमी करता येणे महत्त्वाचे आहे, आणि जुने पुष्कळसे राउटर एकाच वेगाचे असतात. ६० मिलिमीटर व्यासाचे बिट मिनिटाला २२,००० फेऱ्यांनी फिरवले, तर त्याची कड सेकंदाला सुमारे ६९ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ २५० किलोमीटर वेगाने जाते. तेच बिट १०,००० फेऱ्यांवर ठेवले तर हा वेग ताशी ११३ किलोमीटरवर येतो. साधारणपणे २५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या व्यासाला वेग उतरवावाच लागतो. बिटावर कमाल वेग छापलेला असेल तर तोच प्रमाण मानावा. एका वेगाच्या राउटरला बाहेरून रेग्युलेटर जोडण्याची युक्ती सांगितली जाते, परंतु तीत वेगाबरोबर ताकदही गळते. सॉफ्ट स्टार्ट (सुरू होताना वेग हळूहळू वाढवणारी सोय) असलेल्या यंत्राला तर असा रेग्युलेटर मुळीच जोडू नये. टेबलसाठी वेग बदलणाराच राउटर घ्यावा, आणि एका वेगाचा स्वस्तात मिळाला तर तो हातात धरून खोबणी काढण्यासाठी आणि कडा गोल करण्यासाठी ठेवावा.

प्रश्न : यंत्र एलू कंपनीचे आहे. ही कंपनी आता दिसत नाही. सुटे भाग मिळतील का?

उत्तर : नाव गेले म्हणून यंत्र अनाथ झाले असे नाही. एलू ही जर्मन कंपनी १९८४ मध्ये ब्लॅक अँड डेकरने घेतली आणि पुढे तिची घडण डिवॉल्टच्या नावाखाली चालू राहिली. एलूच्या एमओएफ १७७ या मोठ्या प्लंज राउटरवरूनच डिवॉल्टचा डीडब्ल्यू ६२५ आला, आणि त्यामुळे त्या जुन्या यंत्रासाठी सुटे भाग शोधायला दार उघडे राहते. आपल्या पत्रात मॉडेलचा क्रमांक नाही. तो पाटीवरून नीट उतरवून घ्यावा, त्या क्रमांकाची भागांची आकृती पाहावी, आणि कॉलेट, आर्मेचर, स्विच या तीन वस्तूंची उपलब्धता सौद्याआधी पक्की करावी. तिन्हींपैकी कॉलेट मिळत नसेल तर बाकीचे दोन मिळूनही उपयोग नाही. हिताची नावाच्या जुन्या राउटरबाबतही असेच आहे : २०१८ पासून ती हत्यारे हायकोकी या नावाने, आणि उत्तर अमेरिकेत मेटाबो एचपीटी या नावाने येतात, तेव्हा एम१२व्ही सारख्या मॉडेलचे भाग नव्या नावाखाली शोधावेत.

पाटीच खरवडून काढलेली असेल तर दोन शक्यता उरतात, चोरीचा माल किंवा नक्कल. दोन्हींपासून दूर राहावे.

प्रश्न : टेबलमध्ये उलटा बसवून वापरलेला राउटर घ्यावा का?

उत्तर : घेण्यास हरकत नाही, पण तसा तो होता हे कळायला हवे, आणि विक्रेता ते सांगेलच असे नाही. बेसमध्ये जास्तीची भोके, मुठी गायब, प्लंजच्या स्प्रिंगा काढून टाकलेल्या, या त्याच्या खुणा आहेत. उलट्या राउटरमध्ये भुसा बिटाकडून थेट मोटारीत पडतो आणि स्विचमध्येही शिरतो. स्विच वीस वेळा चालू-बंद करून पाहावा. एखादे वेळी जरी अडखळला तरी बदलण्याचा खर्च धरावा. काढलेल्या स्प्रिंगा आणि मुठी विक्रेत्याकडे आहेत का ते विचारावे. त्या नसतील आणि यंत्र हातात धरून वापरायचे असेल, तर ते घेऊ नये.

प्रश्न : ११० व्होल्टचा चांगला राउटर मिळतो आहे, आमच्याकडे वीज २३० व्होल्टची आहे.

उत्तर : थेट जोडल्यास मोटार जळेल. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि त्याची क्षमता यंत्राच्या वॉटपेक्षा जास्त, म्हणजे १८०० वॉटला २००० व्हीएच्या (व्होल्ट-अँपिअरच्या) वर हवी. एवढा ट्रान्सफॉर्मर जड आणि महाग असतो. त्याची किंमत मिळवून सौदा परवडतो का ते पाहावे. फ्रिक्वेन्सी ५० की ६०, याने ब्रशच्या मोटारीला फरक पडत नाही.

प्रश्न : राउटरबरोबर बिटांची पेटी मोफत मिळते आहे. ती धरून किंमत जास्त द्यावी का?

उत्तर : देऊ नये. कार्बाइडच्या धारेवरून नख फिरवल्यास टवका लगेच कळतो. टवका उडालेले, शँकवर ओरखडे असलेले किंवा वाकलेले बिट टाकूनच द्यावे. नुसता चीक चढलेले बिट साफ करून वापरता येते. यंत्राचे दोन पाने, कुंपण (लाकडाच्या कडेला टेकवून राउटर सरळ नेणारी पट्टी) आणि त्याच्या सळया, गाइड बुश (साच्याच्या कडेने राउटर नेण्यासाठीची कडी) यांना मात्र किंमत आहे. कुंपणाच्या सळयांचा व्यास आणि त्यांतले अंतर कंपनीगणिक बदलते, आणि हरवलेले कुंपण शोधणे कटकटीचे होते.

प्रश्न : विक्रेता दूर राहतो. छायाचित्रे पाहूनच ठरवायचे आहे. कोणती मागावीत?

उत्तर : समोरून काढलेले, पुसून चकचकीत केलेले छायाचित्र काहीच सांगत नाही. नट काढून कॉलेटच्या तोंडात सरळ पाहणारे एक, स्पिंडलच्या आतले एक, बेस उलटा करून एक, वाचता येईल अशी पाटी, आणि वायर यंत्रात शिरते ती जागा, एवढी मागावीत; ब्रश काढून दाखवले तर अधिक चांगले. चित्रफितीत यंत्र थंड असताना सुरू करून, कमीपासून जास्तीपर्यंत वेग नेऊन, पूर्ण थांबेपर्यंतचा आवाज ऐकवायला सांगावे आणि तो मधे न तोडलेला असावा. यातले काही दाखवायला विक्रेत्याने टाळाटाळ केली, तर किंमत ठरवताना झिजलेले कॉलेट आणि गेलेली बेअरिंग गृहीत धरावीत. स्पिंडलच्या आतलेच छायाचित्र टाळले असेल, तर सौदा करू नये.